वेलिणकरांचे विमान

गेल्या पावसाळ्यात आम्ही एक विमान बांधले. विमान प्लॅस्टिकचे, मूळ विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम एकवीस सेंटीमीटर. गडचिरोलीत मराठी शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या नवरा-बायकोने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून चार महिने हे काय मांडले आहे, असा प्रश्न शेजाऱ्यांना पडला. आम्हांलाही तो अधूनमधून पडत होताच. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. यातले 'आम्ही' आदरार्थी नसून खरोखरच अनेकवचनी आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

खोका आमच्याकडे आला तो पुण्याच्या भाच्याकडून. नोकरीनिमित्त शहर सोडताना त्याने खोली रिकामी केली आणि न उघडलेला एक खोका आमच्या गाडीत ठेवला. "हे सॉपविथ डॉल्फिन. पहिल्या महायुद्धातले. अशा विमानात एक मराठी माणूस बसत होता, तुम्हांला माहीत आहे का?" असे त्याने विचारले. आम्हांला माहीत नव्हते. भाचा इंजिनिअर, आम्ही मराठीचे एम. ए.; मराठी माणसाविषयीचा हा प्रश्न आम्ही त्याला विचारायला हवा होता. ती बोच मनात राहिली, आणि खोका उघडला गेला तो बहुधा तिच्यामुळेच.

त्या मराठी माणसाचे नाव श्रीकृष्ण वेलिणकर. मुंबईचे. इंग्लंडला गेलेले आणि तिथे रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झालेले. १ एप्रिल १९१८ रोजी या दलाचे व नौदलाच्या हवाई शाखेचे एकत्रीकरण होऊन रॉयल एअर फोर्स अस्तित्वात आले. त्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलांतून लढाऊ विमाने उडवणारे जे चार भारतीय आवर्जून सांगितले जातात, ते म्हणजे हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि वेलिणकर. हिंदी माणसाला वैमानिकाचे पद देण्याची तेव्हाच्या सरकारची तयारी नव्हती. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या मलिकांना आधी फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली, मग विमान मिळाले. मलिक पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. इंद्रलाल रॉय यांच्यावर भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. वेलिणकर तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये होते आणि डॉल्फिन उडवत होते. २७ जून १९१८ रोजी ते फ्रान्समध्ये गस्तीवर निघाले आणि परतले नाहीत. तीन दिवसांनी, ३० जूनला, जर्मनांच्या कैदेत जखमांमुळे त्यांचा मृत्यू झाला.

आता वाचकांनी स्वतःलाच एक प्रश्न विचारून पाहावा. 'मराठी माणूस आणि विमान' म्हटले की आपल्याला कोण आठवते? आम्हांला आठवले शिवकर बापूजी तळपदे. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे यान उडवले, ही कथा आम्ही शाळेत ऐकली, पुढे वर्गात कधी तरी सांगितलीही असेल. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. अशा कथांच्या पाठीशी ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा हवाला दिला जातो, त्याची चिकित्सा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच केली होती. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे या व्यक्तीविषयी आमच्या मनात अनादर नाही. घरच्या साधनांनिशी उडण्याचे स्वप्न पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्याच्या उड्डाणाला पुरावा नाही तो आमच्या तोंडपाठ, आणि ज्याच्या उड्डाणाची तारीख, विमानाची जात, स्क्वाड्रन आणि कबर या सगळ्याची नोंद आहे, तो मात्र ठाऊकच नाही. हे आमच्या वाङ्मयीन संस्कारांविषयी काही तरी सांगते. आपल्याला गौरव हवा असतो. तपशील नको असतो. वेलिणकरांच्या तपशिलात गौरवाची अडचणही आहे. ते साम्राज्याच्या गणवेशात मेले. त्यांना कोणत्या मखरात बसवावे हे कळत नाही, म्हणून त्यांना बाहेरच ठेवले गेले असावे.

विमान बांधणे हा तपशिलाचाच उद्योग आहे, हे पहिल्या दिवशी लक्षात आले. खोक्यात विमान नसतेच. प्लॅस्टिकच्या चौकटींना डहाळीला चिंचा लटकाव्यात तसे चिकटलेले शंभरेक तुकडे असतात. ते ब्लेडने सोडवायचे, पॉलिश पेपरने घासायचे, चिमट्याने धरायचे आणि सोबतच्या नकाशानुसार जोडायचे. नकाशात अक्षरे जवळजवळ नसतात. आकडे आणि बाण असतात. पन्नास मिनिटांच्या तासाला पन्नास मिनिटे बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना ही निःशब्द भाषा शिकायला वेळ लागला. पहिला महिना वैमानिकाच्या बैठकीतच गेला. वेताची विणलेली खुर्ची, पायाखालच्या फळ्या, दांडा, दोन-तीन तबकड्या. हे सर्व अंगठ्याच्या नखावर मावेल एवढे, आणि विमान पुरे झाल्यावर त्यातले निम्मे कोणाला दिसणारही नाही. मग ते नीट कशासाठी करायचे? मंदिराच्या कळसामागचा दगडही पाथरवट घडवतो, असे उदात्त उत्तर आम्ही एकमेकांना दिले. खरे उत्तर साधे होते. आतले चुकले की बाहेरचे बसत नाही.

आमची खरी फजिती झाली ती पंखांपाशी. द्विपंखी विमान म्हणजे वरचा पंख थोडा पुढे आणि खालचा मागे, हे चित्र आमच्या डोक्यात पक्के होते. सिनेमातली, पुस्तकांतली बहुतेक जुनी विमाने तशीच असतात. खोक्यातल्या नकाशात मात्र वरचा पंख मागे सरकलेला. आम्ही चर्चा केली आणि नकाशा उलटा छापला गेला आहे, असा निर्णय दिला. खालच्या पंखावरचे खांब पुढे झुकवून चिकटवले, रात्रभर वाळू दिले आणि सकाळी वरचा पंख बसवायला गेलो. तो बसेना. जोर लावला, तेव्हा आठांपैकी दोन खांब मोडले.

नकाशा बरोबर होता. डॉल्फिनचे वैशिष्ट्यच हे की त्याचा वरचा पंख खालच्या पंखाच्या सुमारे एक फूट मागे आहे. हर्बर्ट स्मिथ या रचनाकाराला वैमानिकाची दृष्टी मोकळी करायची होती. इतर विमानांत वरचा पंख डोक्यावर छपरासारखा असतो. वरून झडप घालणारा शत्रू नेमका त्याच्याआड लपतो. स्मिथने वरचा पंख खाली आणून मागे घेतला, मध्यभागी पोलादी नळ्यांची उघडी चौकट ठेवली आणि वैमानिकाचे डोके त्या चौकटीतून बाहेर काढले. डॉल्फिनचा वैमानिक पंखाच्या वर डोके काढून बसतो, बैलगाडीच्या तट्ट्यावरून पोराने मान काढावी तसा. वर, पुढे, बाजूला त्याला सारे आकाश दिसते. त्याची किंमतही होती. उतरताना विमान उलटले तर आधी जमिनीला लागणार ते डोकेच. त्यामुळे सुरुवातीला वैमानिकांना या विमानाची धास्ती वाटत असे.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत एक जुना नियम आहे. दोन पाठांपैकी जो कठीण, विचित्र वाटतो, तो बहुधा मूळचा. कारण लेखनिक सोप्याचे अवघड करत नाही, अवघडाचे सोपे करतो. हा नियम आम्ही पंधरा-अठरा वर्षे वर्गात शिकवत आलो आहोत. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते. आणि प्रत्यक्ष एक विचित्र पाठ समोर आला, तेव्हा आम्ही तो 'दुरुस्त' करून मोकळे झालो. मोडलेले दोन खांब हे त्या दुरुस्तीचे फळ.

पावणेतीन सेंटीमीटर लांबीचे, काडेपेटीतल्या काडीहून बारीक दोन खांब गडचिरोलीत मिळणार कुठे? परदेशातून पुन्हा मागवावे तर ते खोक्याच्या किमतीला पडणार. हा प्रश्न सोडवला तो आमच्या एका विद्यार्थ्याने. भामरागड तालुक्यातला, माडिया, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारा. पुस्तके न्यायला तो घरी येत असे. मोडलेला खांब त्याने तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला, "सर, हे बांबूचं होते." दुसऱ्या दिवशी येताना त्याने पेराएवढा बांबू आणला. तो उभा चिरला, पोटाकडचा भाग काढून टाकला, पाठीकडची कठीण कामटी तेवढी ठेवली आणि तीही पुन्हा चिरली. ब्लेड एका जागी स्थिर धरून कामटी त्याखालून ओढायची, ही त्याची रीत. आम्ही ब्लेड फिरवत होतो, म्हणून आमच्या हातून काही नीट होत नव्हते. अर्ध्या तासात दोन खांब तयार झाले. पुढची कड जरा गोल, मागची निमुळती. मूळ विमानाच्या लाकडी खांबांचा छेद असाच असतो, वारा कापला जावा म्हणून. नकाशातला छेद त्याने एकदाच पाहिला होता.

हा बांबू आमच्या जिल्ह्यात साधी वस्तू नाही. वनस्पतिशास्त्रात तो गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात मात्र तो 'वृक्ष' होता. या एका शब्दाने पिढ्यान्पिढ्यांचे व्यवहार ठरवले. वृक्ष म्हटले की तोडणे गुन्हा, वाहतुकीला परवाना. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. तरीही स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना हातात पडायला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २०११ साल उजाडावे लागले. वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून वगळला गेला तो २०१७ मध्ये. एखाद्या गोष्टीचे नाव कागदावर काय लिहिले जाते यावर माणसांचे जगणे कसे अडते, हे समजून घ्यायला आम्हांला भाषाविज्ञानाच्या पुस्तकांपर्यंत जायची गरज नाही.

आणि त्या विद्यार्थ्याला तर नाहीच नाही. त्याचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले आहे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक, वडिलांच्या कागदांवर दुसरे, आजोबांच्या जुन्या नोंदीत तिसरे. माडिया ही द्राविडी कुळातली बोली. तिच्यातले आडनाव बाहेरून आलेल्या गुरुजींनी ऐकले, आपल्या कानाने सोपे केले आणि लिहिले. यात कोणाचा दुष्टपणा नाही. आम्ही पंखांचे जे केले तेच त्या गुरुजींनी नावाचे केले. पण एका अक्षराच्या फरकाने त्याचे जात-वैधतेचे प्रकरण अडले आहे. तिन्ही माणसे एकाच कुळातली हे कागदावर सिद्ध व्हावे लागते, आणि कागदावर ती तीन वेगळ्या घराण्यांतली आहेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून ज्या तीन जमाती नोंदल्या आहेत, त्यांत कातकरी व कोलाम यांच्यासह माडिया गोंड आहेत. त्या जमातीच्या पोराला आपण माडिया असल्याचे सिद्ध करायला एक वेलांटी आड येते.

वेलिणकरांच्या मृत्यूनंतरची हकीकत आमच्या वाचनात आली ती या सुमारास. जर्मनांनी त्यांना पुरले आणि कबरीवर क्रूस लावला. त्या क्रुसावर नाव होते. पण ते चुकीचे, ओळखू न येण्याइतके मोडलेले. लिहिणाऱ्याला या नावाची भाषा ठाऊक नव्हती. त्याने जे ऐकले किंवा वाचले, ते आपल्या परीने उतरवले. त्यामुळे हा माणूस काही काळ दुसऱ्याच कोणाच्या नावाने त्या मातीत पडून होता. युद्धानंतर शोध घेणाऱ्यांनी अक्षरे जुळवली, तारखा ताडून पाहिल्या, आणि हे आपले हरवलेले वेलिणकर, असे ठरवले. आज फ्रान्सच्या सोम विभागात हँगार येथील युद्धस्मशानात त्यांची कबर आहे. कोणी तरी एका मोडक्या शब्दापाशी थांबला आणि हे असेच असेल असे म्हणून पुढे गेला नाही, म्हणून ती कबर त्यांच्या नावाने आहे.

हे वाचले त्या संध्याकाळी आम्ही विमानाला हात लावला नाही. विद्यार्थी आला, तेव्हा आमच्यापैकी एकाने त्याला ही गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "पण त्यांच्यासाठी शोधणारं होतं ना कुणीतरी?"

खांब बसले, वरचा पंख बसला आणि तारांचे काम सुरू झाले. जुन्या द्विपंखी विमानात एकही भाग एकट्याच्या बळावर उभा नसतो. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, कापडाला घट्ट करणारे रोगण आणि या सर्वांना ओढून धरणाऱ्या तारा. उडताना पंख वर खेचला जातो, तेव्हा एका दिशेच्या तारा भार घेतात. जमिनीवर पंखाचे वजन खाली येते, तेव्हा दुसऱ्या दिशेच्या. तारांसाठी आम्ही मासेमारीचा सर्वांत बारीक तंगूस वापरला. सुईच्या अग्राएवढी छिद्रे, त्यांतून ओवलेला धागा, फेव्हिक्विकचा कण. एक तार ताणली की समोरची सैल पडते. ती ताणावी तर पंखच वाकतो. सर्व तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने ताणाव्या लागतात. दोघांपैकी एकाने धरायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, या कामाने आमच्या संसारातल्या काही जुन्या वादांना नवी उपमा मिळाली, एवढेच इथे नोंदवतो.

रंगाचा प्रश्न तर शुद्ध पाठभेदाचा होता. त्या काळच्या ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला 'पीसी-१०' नावाचे रोगण असे. पिवळी माती आणि काजळी यांचे मिश्रण. हा रंग हिरवट होता की तपकिरी, यावर मॉडेल करणाऱ्यांत अनेक दशके वाद चालू आहे. मिश्रणाचे प्रमाण, तेल, ऊन आणि वय यांनुसार तो बदलत असल्यामुळे दोन्ही पक्षांकडे पुरावे आहेत. आम्ही तो घरीच मिसळला आणि थोडा तपकिरीकडे झुकू दिला. एकदा आमच्यापैकी एक चंद्रपूरला माहेरी गेली असताना पंखाचे सुटे पत्रे सोबत नेले होते. तिथे खिडकीत वाळत ठेवलेल्या रंगावर एका दुपारीत कोळशाची बारीक धूळ बसली. वीजकेंद्राच्या आणि खाणींच्या त्या शहरात हे नवे नाही. ती पुसावी का, यावर विचार झाला. काजळी मूळ कृतीतच आहे, असे म्हणून ती राहू दिली.

या सगळ्या काळात रिकामी होती ती वैमानिकाची जागा. खोक्यात एक माणूस होता. टोपी, चष्मा, हात दांड्यावर. त्याला बसवावे की नाही, याचा निर्णय होईना. आमच्यापैकी एकाने आकाशातून खाली पाहिलेले आहे, ते एकदाच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, १९ एप्रिलच्या मतदानासाठी, दुर्गम केंद्रांवरची मतदान पथके हेलिकॉप्टरने पोहोचवली गेली. त्यांतल्या एका पथकात. एप्रिलचे जंगल वरून राखाडी दिसते, मधूनच मोहाची तांबूस पालवी, आणि मग अचानक पाच-सात घरांचा एक तुकडा. त्या घरांतून माणसे बाहेर येऊन वर पाहत उभी राहिली होती. आमच्या जिल्ह्यात आकाशातून आवाज आला की माणसे तशीच उभी राहतात. एक तर निवडणूक आहे किंवा कोणी तरी जखमी आहे. वरून त्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त वर केलेल्या माना दिसतात. वेलिणकरांनाही सोमच्या शेतांतून अशाच माना दिसल्या असतील, असे लिहिण्याचा मोह इथे होतो. तो आवरतो. त्यांनी काय पाहिले, याची नोंद आमच्यासमोर नाही. नोंद आहे ती एवढीच, की ज्या विमानात ते बसत त्यातून आकाश चांगले दिसे.

लीळाचरित्र शिकवताना आम्ही नेहमी एका गोष्टीपाशी थांबतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, ताडून. आणि जिथे दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तिथे या परंपरेने सांगणाऱ्याच्या नावानिशी तो फरक जपला. मराठी गद्याचा पाया घालणाऱ्या ग्रंथाने आपल्याला घालून दिलेली ही शिस्त आहे. माहीत आहे ते सांगा, कोणी सांगितले ते सांगा, आणि दोन पाठांचा एक गुळगुळीत पाठ करू नका. रिद्धपूर आमच्या विदर्भातच आहे; ही शिस्त मात्र आपण तिथे ठेवून आलो आणि येताना कथा तेवढ्या बरोबर आणल्या.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. खोक्यातला माणूस बसवायचा नाही. तो कोणाही वैमानिकाचा पुतळा आहे, वेलिणकरांचा नाही. पंखांतली ती चौकट रिकामी राहील, आणि पाहणाऱ्याने विचारावे की इथून डोके कोणाचे बाहेर येत असे. खोक्यातले क्रमांकाचे छापे दुसऱ्यांच्या विमानांचे असल्यामुळे तेही लावायचे नाहीत. नुसती निळी-पांढरी-तांबडी वर्तुळे, जी सर्वांना समान होती. आणि बांबूचे दोन खांब रंगवायचे नाहीत. सहा खांब रंगीत, दोन बांबूच्या मूळ रंगाचे. जीर्णोद्धार करणाऱ्याने आपले दगड ओळखू येतील असे ठेवावेत, तसे.

राहिली नावाची पट्टी. सागाच्या तुकड्यावर विमान उभे केले. साग अर्थातच आल्लापल्लीचा, सुताराकडे उरलेला. त्यावर नाव लिहायचे होते आणि इथे शेवटची अडचण आली. सरकारी नोंदी सगळ्या रोमन लिपीत. त्या अक्षरांतून वेलिणकर, वेलिंकर, वेलिनकर असे काहीही निघू शकते. ण आणि न यांतला फरक त्या लिपीला ठाऊकच नाही. मधले नाव तर रोमनमध्ये 'चुंडा' असे वाचता येते. पण जुन्या इंग्रजी लेखनात 'यू' हे अक्षर पुष्कळदा आपल्या 'अ'साठी येई, म्हणजे ते 'चंदा'ही असू शकते. चंद्रपूरचे १९६४ पर्यंतचे नाव चांदा. हा योगायोग आहे आणि त्यात अर्थ शोधण्यात अर्थ नाही, हे आम्ही एकमेकांना बजावले. जर्मन लेखनिकाने नाव मोडले म्हणून त्याला नावे ठेवणारे आम्ही. स्वतःच्या लिपीत एका मराठी माणसाचे नाव लिहिताना आम्हांलाही अंदाजच करावा लागत होता.

अखेर 'श्रीकृष्ण वेलिणकर' असे लिहिले. त्याखाली बारीक अक्षरात: 'मूळ नोंद रोमन लिपीत, हे देवनागरी लेखन आमचे.' पट्टी चिकटवली, तेव्हा विद्यार्थी तिथेच होता. त्याने दोन्ही ओळी सावकाश वाचल्या आणि म्हणाला, "मॅडम, असं माझ्या दाखल्यावर नाही लिहून देत का ते? की मूळ नाव हे, आणि हे लेखन आमचं?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पण प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता. त्याच्या प्रकरणात कोणी तरी फक्त पाठचिकित्सा करायची आहे: तीन पाठ समोर ठेवायचे, ते कोणी, कधी, कोणत्या कानाने लिहिले हे पाहायचे आणि तिन्ही एकाच नावाचे आहेत हे सांगायचे. एवढे करण्याचे शिक्षण आम्हांला मिळालेले आहे; आजवर ते आम्ही प्रश्नपत्रिकेतल्या टिपांसाठीच वापरले. मग आम्ही तेच काम हाती घेतले. तिन्ही नोंदींच्या प्रती, माडियातला उच्चार, तो मराठीत कसा कसा बदलतो याची चार-सहा उदाहरणे, असे तीन पानांचे टिपण तयार करून त्याच्या अर्जाला जोडले आहे. त्याचा उपयोग होईल की नाही, हे समिती ठरवील. आजोबांचे नाव असलेले सर्वांत जुने रजिस्टर गावाजवळच्या शाळेत आहे असे कळले आहे. त्याची प्रत घ्यायला दिवाळीच्या सुट्टीत तिघे मिळून जाणार आहोत. सोबत भिंग न्यायचे आहे. तेच, तारा ओवताना वापरलेले.